खरखरीतून आकाशगंगेचे केंद्र ऐकणारे जान्स्की

चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठले की तिथून जवळच खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपतात. या लहरींची तीव्रता ज्या एककात मोजतात, त्याचे नाव ‘जान्स्की’. हे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते कार्ल जान्स्की खगोलशास्त्रज्ञ नव्हते. टेलिफोन कंपनीत नोकरी करणारे अभियंते होते.

त्यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमात झाला. तरुणपणीच त्यांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला. तेव्हा डायलिसिस नव्हते. पथ्यपाणी सांभाळणे एवढेच हाती होते. आजारामुळे बेल टेलिफोन प्रयोगशाळा त्यांना घ्यायला कचरत होती. मोठ्या भावाने शब्द टाकला आणि १९२८ मध्ये नोकरी मिळाली. प्रकृतीचा विचार करून नेमणूक शहराबाहेर, न्यू जर्सीच्या मोकळ्या भागात झाली.

अटलांटिकपार रेडिओवरून चालणाऱ्या टेलिफोनमध्ये खरखर येई. तिचे कारण शोधणे हे त्यांचे काम. त्यांनी सुमारे ३० मीटर लांबीचा अँटेना उभारला आणि तो फिरवण्यासाठी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीची चाके बसवली. जवळच्या आणि दूरच्या वादळांची खरखर ओळखता आली. एक मंद सरसर मात्र उरली. तिचा जोर रोज सुमारे चार मिनिटे लवकर वाढे. सूर्य कारण असता तर ही वेळ सरकली नसती. ताऱ्यांची उगवण मात्र रोज तेवढीच अलीकडे येते. म्हणजे आवाज सूर्यमालेबाहेरचा होता. तो धनू राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून येत होता. १९३३ मध्ये त्यांनी हे जाहीर केले.

कंपनीला हवे ते उत्तर मिळाले होते. जान्स्की यांना दुसरी कामे देण्यात आली. त्यांचा धागा पुढे नेण्याची घाई कुणी खगोलशास्त्रज्ञांनीही केली नाही. १९५० मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी ऐकलेली सरसर मुख्यतः आकाशगंगेत वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची होती. पण त्याच केंद्रात १९७४ मध्ये एक लहानसा, ठळक रेडिओ स्रोत सापडला. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. कृष्णविवर स्वतः दिसत नाही. त्यात पडणारा वायू तापून प्रकाशतो, तेव्हा ते लक्षात येते. आपले कृष्णविवर शांत आहे, कारण त्याच्या वाट्याला वायू फार थोडा येतो. शेजारच्या दीर्घिकांमध्येही अशी शांत कृष्णविवरे आहेत. त्यांच्याभोवती वायू उरला आहे का, आणि असेल तर तो आत का पडत नाही, याचा शोध आज रेडिओ दुर्बिणी घेत आहेत. हायड्रोजन वायूची खूण असलेली २१ सेंटिमीटरची लहर खोडदलाही टिपता येते.

मोटारीच्या चाकांवर फिरणाऱ्या त्या अँटेनाने या शोधाची वाट दाखवली. ती किती दूर जाणार, हे पाहायला जान्स्की राहिले नाहीत.