हरिभाऊंची यमू आणि आपण

गणपतीपुळ्याला श्रींच्या दर्शनासाठी येणारे कित्येक भाविक लगतच्या मालगुंडला जाऊन केशवसुतांचे स्मारकही पाहतात. केशवसुत १९०५ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या कवितांचे पुस्तक निघालेले नव्हते. त्या कविता १९१७ साली एकत्र प्रसिद्ध केल्या त्या कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी. दुर्लक्षितांची दखल घेणे हा हरिभाऊंचा स्वभावच होता आणि त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी याच वृत्तीतून जन्मली.

८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे जन्मलेले हरिभाऊ पुण्यात चुलत्यांच्या आश्रयाने वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांच्यावर चिपळूणकर-आगरकरांचे संस्कार झाले. पदवी मात्र हाती आली नाही. चुलत्यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत त्यांनी विपुल लेखन केले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. संमतिवयाचा वाद ऐन भरात होता. परंतु जिच्याविषयी हे वाद झडत होते, ती स्त्री मुकीच होती. हरिभाऊंनी यमूच्या तोंडूनच तिची कहाणी वदविली. सुधारकी मतांच्या पतीच्या सहवासात फुललेले तिचे आयुष्य त्याच्या मृत्यूने उद्ध्वस्त होते आणि तिच्यावर बळजबरीने केशवपन लादले जाते.

प्रथम वाचनात शंकरमामंजींचा दुष्टपणा डोळ्यांत भरतो. पुन्हा वाचताना निराळीच गोष्ट जाणवते. यमू लिहू-वाचू शकते, विचार करू शकते. तिच्या हाती पैसा मात्र नाही. जिला स्वतःचे छप्पर नाही, तिच्या नकाराला किंमत कोण देणार? विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा, तोही मर्यादित, १९३७ साली मिळाला. पूर्ण मालकीचा हक्क १९५६ साली. हरिभाऊ ३ मार्च १९१९ रोजीच गेले होते.

कायदा झाला म्हणजे रूढी मरते, असे नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली करावा लागला. शीर्षकातला प्रश्न शतकाहून अधिक काळ उभा आहे. कादंबरी पुन्हा वाचायची ती एवढ्यासाठीच. उत्तर देणे वाचकाकडे आहे.