रोझलिंड फ्रँकलिन

डोळ्यांस जें दिसत नाहीं तें सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसतें. आणि साध्या सूक्ष्मदर्शकासही जें अगम्य, तें क्ष-किरणांच्या साहाय्यानें ओळखतां येतें. या किरणांनीं जीवसृष्टीचें एक गूढ उकलण्यास ज्या विदुषीनें अमोल हातभार लावला, त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

फ्रँकलिनबाईंचा जन्म लंडन येथें ता. २५ जुलै १९२० रोजीं एका सुखवस्तु यहुदी कुटुंबांत झाला. १९३८ सालीं त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत दाखल झाल्या. त्या काळीं तें विद्यापीठ स्त्रियांची परीक्षा घेई, परंतु पुरुषांप्रमाणें पूर्ण पदवी त्यांस देत नसे. महायुद्धाच्या दिवसांत कोळशांतील सूक्ष्म छिद्रांचा अभ्यास करून बाईंनीं १९४५ सालीं डॉक्टरेट मिळविली. पुढें पॅरिस येथें त्या क्ष-किरणांच्या विद्येंत निष्णात झाल्या.

१९५१ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत त्यांनीं डी. एन. ए. या द्रव्याचें संशोधन हातीं घेतलें. आईबापांचे गुण मुलांकडे नेणारें तें हेंच द्रव्य. त्याचा बारीक तंतु ओलसर हवेंत ठेवून त्यावर किरण सोडावयाचे व फिल्मवर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून गणितानें रचना ताडावयाची, अशी ही पद्धति. १९५२ च्या मे महिन्यांत त्यांचे विद्यार्थी गॉसलिंग यांच्या हातून ५१ व्या क्रमांकाचें चित्र निघालें. त्यास साठ तासांहून अधिक वेळ लागला होता. त्यांत फुलीसारखी आकृति स्पष्ट दिसली. ती मळसूत्राकार रचनेची खूण होती.

हें चित्र बाईंच्या नकळत वॉटसन यांस दाखविण्यांत आलें. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं दुहेरी मळसूत्राची रचना प्रसिद्ध केली, परंतु बाईंचें ऋण त्यांनीं पुरतेपणीं मान्य केलें नाहीं. बाई मात्र बर्कबेक कॉलेजांत तंबाखूच्या झाडांस रोग जडविणाऱ्या विषाणूच्या अभ्यासांत गढून गेल्या. ता. १६ एप्रिल १९५८ रोजीं, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षीं, कर्करोगानें त्यांचा अंत झाला. १९६२ सालीं वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां बाई हयात नव्हत्या.

२००९ सालीं कॅलिफोर्नियांत क्ष-किरणांचा प्रचंड लेसर सुरू झाला. त्याची चमक सेकंदाच्या लक्ष कोटीव्या भागाहूनही अल्पकाळ टिकते. नमुना नष्ट होतो, पण तत्पूर्वींच त्याचें चित्र उमटलेलें असतें. साठ तासांपासून या क्षणापर्यंत ही विद्या आली, त्या वाटेवर बाईंचीं पावलें उमटलेलीं आहेत.

विद्यार्थ्यांनीं त्यांची चिकाटी तर घ्यावीच. शिवाय दुसऱ्याच्या श्रमांचा उपयोग करतांना त्याचें नांव मोकळ्या मनानें सांगावें, हाही धडा या चरित्रापासून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.