आनंदीबाई जोशींनी अमेरिकेतलं कॉलेज कसं निवडलं?

चाकूर-लातूरकडे नीटची तयारी करणाऱ्या मुलींना आज कॉलेजांची यादी मोबाईलवर मिळते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींचा सगळा भरवसा पत्रांवर होता.

१८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी गोपाळरावांशी झालं. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले नव्हते. तिथूनच डॉक्टर व्हायचं ठरलं.

पण शिकायचं कुठे? गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्याने धर्मांतराची अट घातली, ती जोशींनी मान्य केली नाही. मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मासिकात छापून आला. तो वाचून न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी मदतीचा हात पुढे केला.

कॉलेज सुचवलं ते कलकत्त्यात भेटलेल्या थॉर्बर्न दांपत्याने: पेनसिल्व्हेनियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज. १८५० पासून तिथे महिलांना डॉक्टरकी शिकवली जात होती. आनंदीबाईंनी अर्ज केला, डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

फिलाडेल्फियातली थंडी आणि परका आहार मात्र सोसला नाही. क्षयरोग जडला. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलने महिला विभागाची जबाबदारी देऊ केली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. ज्या बायकांसाठी त्या शिकल्या, त्यांच्यावर उपचार करायचे राहूनच गेले.