मंगळावर कालवे खणणारा माणूस

विज्ञानकथा वाचणाऱ्यांना आणि तसले चित्रपट पाहणाऱ्यांना एक प्रसंग अगदी पाठ झालेला असतो. पृथ्वीवरची माणसे कुठल्याशा दूरच्या ग्रहावर उतरतात. वाळू, वारा, चिटपाखरू नाही. आणि मग टेकडीपलीकडे दिसते एक ओसाड नगरी. मनोरे उभे आहेत, रस्ते आहेत, पाण्याचे पाट कोरडे पडले आहेत. ज्यांनी हे सारे बांधले ते मात्र हजारो वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. हंपीच्या अवशेषांत शिरल्यावर आपला आवाज जसा नकळत खाली येतो, तसा त्या अंतराळवीरांचाही येतो.

ही नगरी पहिल्यांदा कोणी वसवली याचे उत्तर एका नावात देता येणार नाही. पण तिचा पाया ज्याच्या पैशाने आणि हट्टाने भरला गेला तो कथाकार नव्हता. तो बॉस्टनचा एक गर्भश्रीमंत गृहस्थ होता, आणि आपण सांगतो ते शुद्ध विज्ञान आहे अशी त्याची मरेपर्यंत खात्री होती.

पर्सिव्हल लोवेलचा जन्म १३ मार्च १८५५ चा. घराणे कापडगिरण्यांवर गब्बर झालेले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका अख्ख्या गिरणगावाला त्यांचे आडनाव मिळाले होते. धाकटा भाऊ पुढे हार्वर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, शेंडेफळ बहीण एमी कवयित्री म्हणून गाजली. पर्सिव्हल १८७६ साली हार्वर्डमधून बाहेर पडला तो गणितातला हुशार विद्यार्थी म्हणून. सहा वर्षे त्याने घरचा व्यवसाय आणि गुंतवणुकी सांभाळल्या. मग कंटाळला. आमच्याकडे असा कंटाळा आलेल्याला घरचे लोक नोकरीवर परत पिटाळतात. लोवेलकडे कंटाळा करण्याइतके व्याज दरवर्षी जमा होत होते. तो सरळ जपानला गेला. १८८३ मध्ये कोरियाचे शिष्टमंडळ अमेरिकेला निघाले, तर त्याचा परदेशी सचिव म्हणून हाच. पुढची दहा वर्षे त्याचे येणेजाणे पूर्वेकडेच राहिले, आणि त्या देशांवर त्याने चार पुस्तके लिहिली.

१८९३ च्या नाताळात त्याच्या हाती कामिय फ्लामारियाँ या फ्रेंच ज्योतिर्विदाचा मंगळावरचा जाडजूड ग्रंथ आला. तेव्हा मंगळाची हवाच होती. १८७७ साली मिलानच्या वेधशाळेतून जोव्हानी स्कियापारेल्लीने मंगळावर बारीक रेषा पाहिल्या होत्या आणि त्यांना इटालियन भाषेत ‘कानाली’ म्हटले होते. त्या शब्दाचा अर्थ नुसता ओहोळ किंवा पाट असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचे कालवे झाले, आणि कालवा म्हटला की तो खणणारा आलाच. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झालेला, पनामात खोदकाम सुरू होऊन फसलेले. कालवा म्हणजे त्या काळी माणसाच्या पराक्रमाची परिसीमा होती. १९०० साली फ्रान्समध्ये परग्रहाशी संपर्क साधणाऱ्याला एक लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले, त्यातून मंगळ चक्क वगळला होता. मंगळवासीयांशी बोलणे फारच सोपे ठरेल, अशी समजूत!

लोवेलने वेळ दवडला नाही. १८९४ च्या शरद ऋतूत मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार होता. त्याने आपल्या सहायकाला, अँड्र्यू डग्लसला, ॲरिझोनाच्या कोरड्या पठारावर जागा शोधायला धाडले. फ्लॅगस्टाफ गावाजवळच्या टेकडीवर, २१०० मीटरहून अधिक उंचीवर, काही महिन्यांत वेधशाळा उभी राहिली. इथे एक गोष्ट लोवेलच्या खात्यावर जमा करायलाच हवी. दुर्बिणीच्या भिंगाइतकीच तिच्यावरची हवा महत्त्वाची, म्हणून वेधशाळा शहरातून उठवून उंच, कोरड्या, निवांत जागी न्यावी, हा विचार त्याने पैसे खर्चून अमलात आणला. १८९६ मध्ये तिथे २४ इंची भिंगाची उत्तम दुर्बीण बसली.

दुर्बिणीतून मंगळ पाहणे म्हणजे उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे न्याहाळण्यासारखे. प्रतिमा सारखी थरथरते. कधीतरी क्षणभर स्थिर होते, तेवढ्यात जे दिसेल ते लक्षात ठेवायचे आणि कागदावर उतरवायचे. लोवेलला त्या क्षणांत रेषा दिसत. सरळ, सुईसारख्या, हजारो किलोमीटर लांब, एकमेकींना गाठणाऱ्या शेकडो रेषा. बँकेत असताना मी असे काही जण पाहिले आहेत, जे बेरीज आधी मनात ठरवतात आणि मग आकडे मांडतात. ते लबाड नसतात. त्यांना खरोखरच तीच बेरीज दिसते.

या रेषांवरून लोवेलने एक सबंध जग उभे केले. मंगळ लहान, म्हणून लवकर निवालेला, म्हणून पृथ्वीपेक्षा वयाने पुढे गेलेला. समुद्र आटले, उरलेले पाणी ध्रुवांवरच्या बर्फात. तिथल्या शहाण्या, वृद्ध जमातीने उन्हाळ्यात वितळणारे ते पाणी विषुववृत्तापर्यंत आणण्यासाठी ग्रहभर कालवे खणले. आपल्याला दिसतो तो कालवा नव्हेच, त्याच्या दोन्ही काठांवरची हिरवळ. हा मुद्दा आपल्याला चटकन पटतो. बारामती-फलटणकडे उंचावरून पाहिले तर पाण्याची रेघ दिसत नाही, उसाचा पट्टा दिसतो. आणि ज्याअर्थी कालवे ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जातात, त्याअर्थी तिथे देशोदेशींच्या सरहद्दी आणि लढाया नसणार. पाणी संपत चालले आहे हे ठाऊक असूनही ती माणसे भांडत नाहीत, मिळून खणत राहतात. १८९५, १९०६ आणि १९०८ मध्ये आलेल्या त्याच्या तीन पुस्तकांचा ओढा इथे होता. खगोलशास्त्राच्या पुस्तकात एवढे कारुण्य सहसा सापडत नाही.

डग्लसला मात्र शंका होती. त्याने खोट्या ग्रहांच्या चकत्या दूर ठेवून दुर्बिणीतून पाहिल्या, तेव्हा मुळात नसलेल्या गोष्टीही डोळा उभ्या करतो असे त्याला आढळू लागले. लोवेल १८९७ पासून मज्जातंतूंच्या आजाराने खचला होता आणि जवळजवळ चार वर्षे कामातून दूर होता. त्या काळात डग्लसने मालकाच्या पद्धतीबद्दलची आपली नाराजी त्याच्या नातलगाला पत्राने कळवली. १९०१ मध्ये त्याची नोकरी गेली.

मग बाहेरूनच तडाखे बसू लागले. १९०३ मध्ये एडवर्ड माँडरने ग्रिनिचच्या शाळेतल्या मुलांपुढे मंगळाची चित्रे ठेवली. त्यांत कालवे नव्हते, नुसते ठिपके आणि डाग होते. लांब बसलेल्या मुलांनी ती उतरवताना रेषा काढल्या. १९०७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने, उत्क्रांतीच्या सिद्धांतातल्या डार्विनच्या जोडीदाराने, वयाच्या ८४ व्या वर्षी एक पुस्तकच लिहून मंगळ किती थंड आणि विरळ हवेचा आहे ते मांडले. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणीतून अँतोनियादीने पाहिले तर रेषा विरघळून त्यांचे वेडेवाकडे डाग झालेले. लोवेल हटला नाही. व्याख्याने देत राहिला, सभागृहे भरत राहिली. १९०८ मध्ये, ५३ व्या वर्षी, त्याने लग्न केले. नेपच्यूनपलीकडच्या एका अज्ञात ग्रहाचे गणित मांडून तो त्याच्याही मागे लागला. तो सापडण्यापूर्वीच १२ नोव्हेंबर १९१६ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने फ्लॅगस्टाफलाच गेला. वेधशाळेच्या घुमटाजवळच त्याची समाधी आहे.

मृत्युपत्रात वेधशाळेसाठी मोठी रक्कम ठेवलेली होती, त्यावरून पत्नीने दावा लावला आणि तो दहाएक वर्षे चालला. बँकेत वारसांचे कागद हाताळलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नवल याचे, की त्या ओढाताणीतूनही वेधशाळा तगली. तिथेच १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ या शेतकऱ्याच्या मुलाने प्लूटो शोधला. प्लूटोच्या चिन्हातली पी आणि एल ही अक्षरे पर्सिव्हल लोवेलचीही आद्याक्षरे आहेत. लोवेलचे गणित चुकीचे होते, प्लूटो जवळपास सापडला तो योगायोगाने, हे नंतर कळले.

मंगळावरच्या त्याच्या नगरीत कथाकार मात्र केव्हाच राहायला गेले होते. १८९८ मध्ये एच. जी. वेल्सने त्या आटत्या ग्रहावरच्या जमातीला पृथ्वीवर चालून यायला लावले. लोवेलचे शांतताप्रिय वृद्ध तिथे राक्षस झाले. १९१२ मध्ये एडगर राइस बरोजने कोरड्या समुद्रतळावर पडकी शहरे आणि तलवारबाज उभे केले. १९५० मध्ये रे ब्रॅडबरीच्या कथांमध्ये मंगळवासी संपले आणि त्यांच्या रिकाम्या शहरांत माणसे राहायला आली. मला विचाराल तर लोवेलचा खरा वारस ब्रॅडबरी. नंतर आर्थर क्लार्कने चंद्रावर परक्यांची एकच वस्तू ठेवली आणि पडक्या शहराची गरजच उरू दिली नाही.

जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या २२ छायाचित्रांत खड्डेच खड्डे होते, कालवा एकही नव्हता. नंतरच्या यानांना मात्र आटलेल्या नद्यांची पात्रे दिसली. पाणी मंगळावर खरेच वाहिले होते, पण काही अब्ज वर्षांपूर्वी. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी तिथे पोहोचले, तेव्हा कोणी कालवे शोधत नव्हते.

आणि डग्लस? नोकरी गेल्यावर तो ॲरिझोनातच राहिला आणि झाडांच्या खोडातली वर्तुळे मोजू लागला. सूर्याचा आणि पावसाचा काही ताळमेळ सापडतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. वर्तुळांची साखळी मागे मागे नेत १९२९ मध्ये त्याला जुन्या पडक्या वस्त्यांमधल्या तुळयांची सालवार तारीख सांगता येऊ लागली. अमेरिकेच्या त्या वाळवंटी भागातल्या पुएब्लो लोकांच्या ओसाड दगडी वाड्यांचे वय तोवर कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. ते वाडे हजारेक वर्षांपूर्वीचे निघाले. त्यांचे बांधणारे नाहीसेही झाले नव्हते. त्यांचे वंशज आजही त्याच मुलखात राहतात, आणि त्यांतल्या होपी लोकांची गावे तर लोवेलच्या टेकडीपासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहेत.