आपल्या पूर्वजांचा कैवारी : आदोल्फ द प्लेवित्झ

घराण्याचे मूळ शोधण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळजण मोका येथील महात्मा गांधी संस्थानात जातात. तेथील जुन्या नोंदवह्यांत पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, जहाज आणि नंबर सापडतो. एखाद्याला फोटोही मिळतो. तो फोटो हातात आला की घरातली म्हातारी माणसे डोळे पुसतात. पण तो हौसेने काढलेला नव्हता. ही हकीकत समजण्यासाठी आदोल्फ द प्लेवित्झ यांचे चरित्र माहीत हवे.

द प्लेवित्झ जर्मन वंशाचे. जन्म १८३७ सालचा. १८५८ मध्ये ते मॉरिशसला आले. पुढे नुव्हेल देकुव्हर्त येथे सासऱ्यांच्या मळ्याची व्यवस्था ते पाहू लागले. तेथे मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर कहर केला. पाच वर्षांचा करार पुरा करून मोकळे झालेल्या जुन्या आप्रवाशांनाही फोटोचे तिकीट व पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. कागद घरी राहिला किंवा हरवला, की भटक्या ठरवून तुरुंगात टाकीत.

कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून आलेल्यांचे दुःख एकच होते. आपली रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसेही त्यांतलीच. द प्लेवित्झ यांनी हे सारे एका अर्जात लिहून काढले. राजरत्नम मुदलियार यांनी त्यांना मोठे साहाय्य केले. दूरदूरच्या मळ्यांतून लोक आले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने खूण केली. ९,४०१ जणांचा तो अर्ज ६ जून १८७१ रोजी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. पकडले जाण्याची भीती असतानाही या लोकांनी आपले नाव कागदावर दिले, हे धैर्य लहान नव्हे.

मळेवाले खवळले. द प्लेवित्झ यांना पोर्ट लुईच्या भर रस्त्यात मारहाण झाली. त्यांना देशाबाहेर घालवा, अशी मागणी झाली. गव्हर्नरांनी ती मानली नाही. इंग्लंडहून फ्रिअर व विल्यमसन हे दोन आयुक्त चौकशीसाठी आले. त्यांचा अहवाल १८७५ साली निघाला आणि १८७८ साली नवा मजूर कायदा झाला. सगळे दुःख संपले नाही, पण जुलमाला आळा बसू लागला. द प्लेवित्झ मात्र मॉरिशस सोडून फिजीकडे गेले.

पुढे त्यांच्याच वंशातील एका विदुषीने जुनी कागदपत्रे धुंडाळून त्यांचे चरित्र लिहिले आणि ते मोकाच्या संस्थानाने प्रसिद्ध केले. आपण आपल्या आजा-पणजांना ज्या रीतीने शोधतो, त्याच रीतीने त्यांच्या घरानेही त्यांना शोधले. आज ग्राँ बे येथील एका माध्यमिक शाळेला त्यांचे नाव आहे.

ज्या कागदाने आपल्या पूर्वजांना बांधून ठेवले, त्याच कागदाने आज ते आपल्याला परत भेटतात. म्हणून पालकांना विनंती, की पणजोबांचे नाव, गाव आणि नंबर मुलांकडून त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्या. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आणि पणजोबांची गोष्ट सांगताना द प्लेवित्झ यांचीही सांगा.