थिरकत्या बोटांमागची शिस्त

मूळ नाव मागे पडावे आणि कौतुकाने दिलेले नावच कायमचे व्हावे, असे भाग्य थोड्या कलावंतांना लाभते. उस्ताद अहमदजान थिरकवा त्यांपैकी एक. उत्तर प्रदेशात जन्मलेल्या या तबलानवाजाची जडणघडण मुंबईत झाली आणि मराठी संगीत रंगभूमीने त्यांना अमाप लोकप्रियता दिली.

१८९२ च्या सुमारास मुरादाबाद येथे त्यांचा जन्म झाला. वडील हुसेनबक्ष सारंगीवादक असल्याने सूर आणि लय घरातच होती. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास अहमदजान मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले. मुनीर खाँ यांनी अनेक उस्तादांकडून तबल्याची विद्या मिळवली होती. दिल्लीचा बंदिस्त, बोटांचा बाज आणि पूरबचा खुला, जोरकस बाज यांचे भांडार त्यांच्यापाशी होते. इतके विपुल धन समोर असताना कोवळ्या शिष्याचे मन चहूकडे धावण्याचा संभव असतो. त्याला मार्गावर ठेवणे हेच गुरूचे खरे काम.

तबल्याच्या तालमीत हे काम ‘कायदा’ करतो. कायदा म्हणजे नियम. मूळ रचनेत जी अक्षरे आहेत, त्यांच्याच फेरमांडणीतून पलटे करायचे, परके अक्षर घ्यायचे नाही, खाली-भरीचा आराखडा मोडायचा नाही आणि अखेरीस तिहाई घेऊन समेवर यायचे, अशी ही शिस्त. आधी संथ लयीत प्रत्येक अक्षराचा नाद स्वतंत्र उमटला पाहिजे. चाटेवरचे बोट, शाईवरचा आघात आणि डग्ग्याची घुमक यांचे प्रमाण जुळल्यावरच दुगुन, चौगुन. संथ लयीतला दोष द्रुत लयीत झाकला जातो, पण जात नाही. म्हणूनच रियाजाचे तास मोजण्यापेक्षा त्या तासांत हात कोणत्या दिशेने घडतो आहे, हे पाहणारा गुरू लागतो.

अहमदजान यांनी हा रियाज वर्षानुवर्षे केला. त्यांचा हात फिरताना पाहून मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांना बोटे जणू नाचत आहेत असे वाटले आणि त्यांनी या मुलाला ‘थिरकवा’ म्हटले, असे सांगितले जाते. पुढे हेच नाव रूढ झाले.

त्यांच्या आयुष्यातील दुसरी शिस्त मराठी रंगभूमीने शिकवली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा अशी साथ लाभली. स्वतंत्र वादनात वादक स्वतःच राजा असतो. नाट्यपदाच्या साथीत मात्र त्याला गायकाच्या श्वासाचा आणि शब्दांचा अंदाज घ्यावा लागतो. दोन ओळींमधल्या इवल्याशा जागेत एखादा मुखडा पेरायचा आणि गायक पुन्हा येताच ठेक्यावर परतायचे. प्रचंड विद्या हाती असताना तिचा मोजकाच वापर करणे, ही सोपी गोष्ट नव्हे. थिरकवांनी ती साधली आणि महाराष्ट्रातील सामान्य नाट्यरसिकाचे लक्षही तबल्याकडे वळले.

१९३० नंतरच्या दशकात बोलपटांच्या लाटेत नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी स्वतः ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त भूमिका केली. थिरकवांनी रामपूर दरबाराचा आश्रय घेतला आणि नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन केले. उस्तादाच्या घरी मिळणारी विद्या वर्गातील विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचा हा काळ होता. मुंबईत निखिल घोष आणि पुण्यात लालजी गोखले या शिष्यांनी त्यांचा वारसा पुढे नेला. गायक व गुरू म्हणून विख्यात झालेले जगन्नाथबुवा पुरोहित यांनीही त्यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले होते.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण, असे सन्मान त्यांना लाभले. सत्तरी उलटल्यावरही ते स्वतंत्र वादन करीत. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्यांची ध्वनिमुद्रणे आजही ऐकता येतात. त्यांत वेगाहून अधिक मोहवते ती अक्षरांची स्पष्टता.

हिंजवडीच्या संगणक कंपनीतून उशिरा घरी परतणाऱ्या एखाद्या हौशी तबलावादकाला दरबारी उस्तादांसारखा दिवसभराचा रियाज शक्य नाही. त्याच्या वाट्याला फार तर एक तास येतो. त्या तासात दहा रचनांवरून हात फिरवण्याऐवजी एकच कायदा संथ लयीत, शुद्ध निकासाने वाजवला, तर थिरकवांनी ज्या वाटेने आयुष्यभर प्रवास केला त्याच वाटेवर त्याचेही पाऊल पडेल.