कर्मवीर भाऊराव पाटील : सर्वांची एकच पंगत

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना आपल्याच समाजाचे वसतिगृह सोडावे लागले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एकाच पंगतीत जेवत. कष्टाची कामेही सर्वांना सारखीच असत. नव्याने आलेल्या दलित मुलाला येथे आपले स्थान कोणते, हे विचारावे लागत नसे. पंगतीतील पाटच त्याला ते सांगे. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. अडचणीच्या काळात मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. सर्वांना सावली देणारा वटवृक्ष संस्थेचे बोधचिन्ह ठरला.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. भाऊराव जैन होते, याचा समाजाला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांना वसतिगृह का सोडावे लागले, याचेही स्मरण असावे. संस्थेची घटना कितीही उदार असो, येणारा माणूस प्रथम पंगत पाहतो.